बडोदे शहर कसे पाहावे

नव्या शहरात गेलेला प्रवासी बहुधा वाटाड्याच्या स्वाधीन होतो. वाटाड्या इमारतीची उंची सांगतो, राजाचे नाव सांगतो आणि पुढे चालू लागतो. जुन्या गोव्यातील चर्चांपुढे उभे राहून असे वर्णन ऐकण्याची आपणांस सवयच आहे. परंतु वास्तू कोणी बांधविली एवढे कळल्याने ती पाहिली असे होत नाही. ती कोणाच्या हातांनी सजविली आणि तिच्या सावलीत कोणास जागा मिळाली, हेही विचारावयास हवे. विद्यार्थिमित्रहो, गायकवाडांचे बडोदे, म्हणजेच आजचे वडोदरा, हे असे प्रश्न विचारीत हिंडण्याजोगे शहर आहे.

आरंभ महाराजा सयाजीराव विद्यापीठापासून करावा. 1881 साली निघालेले बडोदा कॉलेज 1949 मध्ये या विद्यापीठाचा भाग झाले. कला शाखेच्या इमारतीवरील घुमट पाहताच विजापूरचा गोल घुमट आठवतो. पुढल्याच वर्षी येथे ललितकलांचे शिक्षण सुरू झाले. इंदुरास जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे येथे चित्रकला शिकवीत, तर शंखो चौधुरी शिल्पकला.

तांबेकर वाड्याकडे जाण्यास अरुंद गल्ल्यांतून वाट काढावी लागते. भाऊ तांबेकर हे संस्थानचे दिवाण. त्यांच्या वाड्याच्या भिंतींवर पुराणातील प्रसंगांशेजारीच इंग्रज-मराठ्यांची लढाई रंगविलेली आहे. चित्रे लहान आहेत, म्हणून जवळ जाऊन पाहावीत. मात्र बोट लावू नये. हाताच्या घामाने जुना रंग बिघडतो.

खरा वेळ राखून ठेवावा तो कीर्तिमंदिरासाठी. गायकवाड घराण्याचे हे स्मारक सयाजीराव महाराजांनी उभारले. त्यातील भित्तिचित्रांसाठी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांस पाचारण करण्यात आले. त्यांनी 1939 ते 1946 या काळात एकेक भिंत रंगविली. अंड्याच्या बलकात रंग कालवून चित्रे काढण्याची जुनी पद्धत त्यांनी येथे योजिली. एका भिंतीवर गंगावतरण आहे, दुसरीवर मीरेचे चरित्र, तिसरीवर रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकातील कथा आणि चौथीवर भारतीय युद्ध. या निवडीपाशी क्षणभर थांबावे. राजघराण्याच्या स्मारकात राजवाडा सोडून निघालेली मीरा आहे. आणि राजाची मनाई असताना बुद्धाच्या स्तूपापुढे नृत्य करून प्राण देणारी नर्तकीही आहे. अशा कथांना आपल्या घराण्याच्या स्मारकात जागा मिळावी, हे मला लक्ष्मीविलास राजवाड्याच्या साऱ्या वैभवाहून मोठे वाटते. (राजवाडाही अवश्य पाहावा, त्याचा काही भाग प्रवाशांस खुला असतो.)

शेवटी सयाजीबागेत यावे. 1879 साली प्रजेसाठी झालेले हे उद्यान पूर्वी कमाटीबाग म्हणून ओळखले जाई. बागेच्या बाजूस डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. लोक त्यास ‘काळा घोडा’ म्हणतात. वाटाडे येथे पुतळा दाखवितात, पदार्थसंग्रहालय दाखवितात. त्यांस आणखी एक जागा विचारावी.

बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर 1913 साली अमेरिकेस गेले आणि 1917 मध्ये संस्थानच्या सेवेसाठी बडोद्यास आले. अस्पृश्य म्हणून त्यांस शहरात बिऱ्हाड मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन त्यांस संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही असमर्थता दर्शविली. तेव्हा मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा कोलंबिया विद्यापीठाचा विद्वान याच बागेत बसून राहिला. त्या वडाच्या जागेस आता संकल्पभूमी म्हणतात. तेथे चित्र नाही, नक्षी नाही. तरी वाटाड्या घाई करू लागल्यास त्यास थांबवावे, आणि थोडा वेळ त्या सावलीत बसावे.