गुणक वाढवण्यापूर्वी



तुझ्या संगणकातील कोअर आय७-८७००के हा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून त्याचे सहाही कोअर पाच गिगाहर्ट्झवर चालवावेत, हा मनोदय तू कळवलास, तो वाचून मला संतोषच झाला. कारण आपण वापरतो त्या यंत्राच्या अंतरंगात शिरून पाहण्याची जिज्ञासा ज्याला होते, त्याला मना करणे हे वडीलधाऱ्यांचे काम नव्हे. नावाच्या शेवटी जो 'के' आहे, तो गुणक बदलण्याची मुभा निर्मात्यानेच दिल्याचा दाखला होय. १०० मेगाहर्ट्झ हा मूळ ठोका. सहाही कोअर एकदम राबताना त्याला ४३ ने गुणले जाते, त्या जागी तू बायोसमध्ये ५० लिहिणार.

लिहिणे सोपे आहे. परंतु या वाढीव वेगाला अधिक व्होल्टेज लागते, आणि उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढत असली तरी व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. समज, १.२० चे १.३५ व्होल्ट करावे लागले, तर वेग सुमारे १६ टक्क्यांनी वाढेल आणि उष्णता ४७ टक्क्यांनी. हा हिशेब पटत असेल तरच पुढे जा.

उष्णतेहूनही मला अधिक भय आहे ते मुक्या चुकीचे. १९९८ साली निघालेला सेलेरॉन ३००ए मी घेतला होता. त्याचा गुणक ४.५ वर कायम असल्याने ६६ मेगाहर्ट्झची बसच वाढवावी लागे. ती मी ८३ वर नेली, आणि त्यासरशी ३३ वर चालावयाची पीसीआय बस ४१.५ वर गेली, याकडे माझे लक्ष नव्हते. संगणक एकदाही बंद पडला नाही. हार्ड डिस्कवर मात्र तो रोज थोडे थोडे चुकीचे लिहीत राहिला, आणि तुझ्या आजोबांनी सांगितलेल्या ज्या आठवणी मी टंकून ठेवल्या होत्या, त्या उघडल्या तेव्हा अर्ध्या पानांवर निरर्थक चिन्हे होती. दुसरी प्रत नव्हती, आणि तोवर आजोबाही नव्हते.

म्हणून सर्वप्रथम तुझे सारे दप्तर वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून ठेव. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नकोस, कारण मदरबोर्ड पुष्कळदा गरजेपेक्षा अधिकच देतो. एका वेळी एकच बदल करावा, गुणक एकाने वाढवावा आणि प्राइम९५ रात्रभर चालवून एकही चूक न आल्यासच पुढचे पाऊल टाकावे. रॅमची परीक्षा मेमटेस्ट८६ने आधीच उरकून घे, नाहीतर दोष कोणाचा हे कळणार नाही. संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नये. वीज तोडून सीमॉसची नोंद पुसली की मूळ अंमल परत येतो.

आणखी एक गोष्ट नागपुरात राहणाऱ्याने विसरू नये. हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेहून थंड करू शकत नाही. तेव्हा पौषात २२ अंशांच्या खोलीत ८० अंशांवर स्थिरावलेला प्रोसेसर वैशाखात ४० अंशांच्या खोलीत १०० च्या उंबरठ्यावर येईल, आणि शंभराला तो स्वतःच वेग उतरवील. पौषातला निकाल वैशाखात पुन्हा तपासल्याखेरीज कायम मानू नकोस.

एक वही घाल. तारीख, गुणक, व्होल्टेज, खोलीचे तापमान आणि प्रोसेसरचे कमाल तापमान यांची नोंद तीत रोज कर, आणि पहिल्या आठवड्याची पाने उतरवून मला पाठव. मी वाट पाहतो.

तुझा,
मामा