मुलांचं वाक्य मुलांना जुळवू द्या

पोलादपूर तालुक्यातल्या वाडीवरून मी अकरावीला महाडला आले, तेव्हा वक्तृत्वाची प्रशस्तिपत्रं गाठीशी होती, पण वर्गात उठून शंका विचारायचा धीर नव्हता. भाषणं बाबा लिहून देत, मी पाठ करी. दवाखान्यात माझं दुखणं आई सांगे. एसटीचा पास काका काढून आणत. सगळं मायेपोटीच. पहिल्याच आठवड्यात माझ्या बोलण्यातल्या हेलावर वर्ग हसला आणि पुढे बारावीपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

नंतर कधीतरी आर. बी. मोरे यांच्याबद्दल वाचलं. महाडजवळच्या लाडवलीत 1903 साली जन्मलेला हा मुलगा. शिष्यवृत्ती मिळवूनही अस्पृश्य म्हणून त्याला महाडच्या शाळेत घेईनात. त्यानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, तेव्हा प्रवेश मिळाला. बसावं मात्र वर्गाबाहेरच लागलं. अस्पृश्यांच्या हक्कांसाठी मार्च 1927मध्ये महाडला भरलेल्या परिषदेच्या संयोजकांत हेच मोरे होते. पोरवयातलं ते पत्र माझ्या मनातून जात नाही.

22 जुलै 2021ला महाड पुरात बुडालं, तळिये गावावर दरड कोसळली. करोनात घरी बसून माणसं टाळायला शिकलेली माझी भाची मदतीच्या सामानाजवळ उभी होती. मी वही तिच्या हातात दिली. घरात माणसं किती, तान्हं मूल आहे का, औषध कुठलं लागतं, हे तिनंच विचारायचं. तिला आवाज फुटेना. तिची आई मदतीला धावली, तिला मी अडवलं. आठवडाभरात भाची दुसऱ्यांदा चादर मागणाऱ्या एका आजोबांना समजावत होती, "आजोबा, ज्यांना मिळाली नाही त्यांना आधी देऊ." नुसत्या शाबासकीनं हे झालं नसतं. तिच्या नोंदीवर खरोखरच कुणाचं तरी अंथरूण अवलंबून होतं.

पालकांनो, उत्पन्नाचा दाखला काढायला मुलालाच खिडकीशी पाठवा, तुम्ही बाहेर थांबा. कागद कमी पडला म्हणून परत आला तर रागावू नका. कुठला ते विचारून यायला सांगा. स्पर्धेचं भाषण चारच ओळींचं होऊ दे, पण त्याचं असू दे. त्याच्या बोलीची थट्टा घरात कुणी करत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

मात्र मुलाचं जेवण कमी झालं असेल, झोप उडाली असेल, ते सगळ्यांपासून दूर जात असेल, तर एवढ्यानं भागत नाही. डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.