कोचची फी भरण्याआधी

लोणावळ्यात 1924 पासून कैवल्यधाम ही योगसंस्था आहे. तेव्हापासून शरीर-मन सुधारायला घाट चढून इथे यायचं, हे लोकांच्या अंगवळणी पडलंय. आता बंगल्यांत शनिवार-रविवारी ‘आयुष्य बदला’ छापाची शिबिरंही भरतात. अशाच एका शिबिरातून माझा धाकटा भाऊ लाइफ कोचकडे जाऊ लागला.

जमिनीच्या व्यवहारात पैसे अडकल्यापासून तो पहाटे तीनला उठून बसायचा. जेवण तुटलं होतं. ऐन इंद्रायणी भाताच्या लावणीत खाचराकडे फिरकला नाही. कोचने अर्ज भरून घेतला, त्यात पाच वर्षांत किती कमवायचं हे होतं, झोप लागते का हे नव्हतं. ध्येयं लिहायची वही कोरीच राहिली. ‘दादा, मला एवढंही जमत नाही,’ ही नवी टोचणी तेवढी लागली. कोच वाईट नव्हता. चालत्याला वेग द्यायची त्याची विद्या. भावाला तर पाऊलच उचलवत नव्हतं.

मग त्याला तळेगावच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी झोप, भूक, दारू विचारली. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलं. थायरॉइड आणि बी-12 तपासायला सांगितलं. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच बंद करू नका, असं बजावलं. जोडीला समुपदेशन सुरू झालं.

म्हणून सांगतो:

झोप, भूक, रोजचं काम शाबूत आहे आणि नोकरी किंवा धंद्याची दिशाच तेवढी ठरत नाही, तर कोच चालेल. उदासी, धास्ती दोन आठवडे हटत नसेल किंवा व्यसन वाढलं असेल, तर आधी डॉक्टर.

‘कोच’ अशी पाटी लावायला आपल्याकडे परवाना लागत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको.

कोचला पहिल्याच भेटीत विचारा, ‘तुम्ही डॉक्टरकडे कुणाला पाठवता?’ उत्तर नसेल, तर फी भरू नका.

खर्चाची धास्ती असेल, तर सरकारी रुग्णालय आहे. आरोग्य विमा असेल, तर पॉलिसी काढून बघा. 2017 च्या कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला सांगितलंय.

आणि कुणी जीव द्यायची भाषा केली, तर कोच की डॉक्टर हे ठरवत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.