एमजीबीचं नाक खाली करण्याआधी

रबरी बंपरवाली एमजीबी पुढून उंच दिसते, ही तक्रार खोटी नाही. अमेरिकेत बंपरच्या उंचीचे नियम आले आणि १९७४च्या अखेरीस एमजीच्या ॲबिंग्डनमधल्या कारखान्याने गाडीला काळे रबरी बंपर लावून ती सुमारे एक इंच वर उचलली. जमिनीलगत बसणारी चपळ गाडी वळणावर झुकायला लागली. त्यामुळे इथे इंग्लंडात ही गाडी घेणाऱ्यांचे हात पहिल्यांदा पुढच्या स्प्रिंगांकडे वळतात.

मी घेतलेल्या १९७६च्या रोडस्टरमध्ये नाक खाली करण्याचा हा उद्योग आधीच झालेला होता. दिसायला झकास! पण खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हाताला हिसका द्यायचं आणि जोरात ब्रेक दाबला की पुढून 'ठक्' ऐकू यायचं. चाक काढून पाहिलं, तर स्प्रिंगच्या टोकाला ग्राइंडरने भाजलेला निळसर डाग. कुणीतरी वेढा कापला होता. बंप रबर चेपून चेपून चकचकीत झालेलं. गाडीचा भार स्प्रिंगऐवजी त्या रबरावरच पडत होता.

कापलेली स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते. शिवाय या गाडीत स्प्रिंग खालच्या विशबोनच्या मधोमध बसते आणि चाक असतं टोकाला. म्हणून स्प्रिंग जेवढी आखूड कराल, त्याच्या जवळपास दुप्पट गाडी खाली येते. अर्धा इंच कापणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो. गाडी खाली आली की विशबोन आणि स्टिअरिंगचे दांडे यांचे कोन बदलतात, मग चाक वरखाली होताना आपोआप वळतं. तो हिसका यातलाच.

इंग्लंडात चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. मालकांना ही चैन वाटते, मला नाही वाटत; अशी कापलेली स्प्रिंग मग कुणाच्या नजरेलाच पडत नाही. अशी गाडी घेताना तिच्याखाली स्वतः झोपून बघाच.

आणि झुकणं हीच तक्रार असेल, तर आधी पुढचा अँटी-रोल बार आहे का ते पाहा. १९७५-७६च्या रोडस्टरमधून तो काढून टाकला होता, १९७७च्या मॉडेलला पुढेमागे दोन्हीकडे दिला. बार बसवल्यावर पुष्कळांना गाडी खाली करायची गरजच उरत नाही.

तरीही करायचीच, तर याच गाडीसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंगा घ्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर आधी लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलंत तर टायरची हवासुद्धा मापात येते. चासीखाली भक्कम स्टँड हवेत. स्प्रिंगचं ताट थेट सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडतं. ताटाखाली जॅक लावून मगच जोड मोकळा करा आणि जॅक सावकाश उतरवा. रबरी बुशांचे नट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. हवेत आवळले की बुश पिळून बसतात, लवकर फाटतात आणि उंचीचं मापही खोटं येतं.

स्प्रिंगा बसायला थोडं चालवणं लागतं. त्यानंतर पुन्हा मोजा, बंप रबराला मोकळी जागा उरली आहे ना ते बघा, टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते) एक सोळांश ते तीन बत्तीसांश इंचात आणा. हेडलाइट खाली झुकलेले असतील, तेही वर घ्या. आणि विमा कंपनीला बदल कळवा. दावा करायची वेळ आली, तर न कळवलेली स्प्रिंग त्यांना बरोबर सापडते.