साहित्यविषयक संज्ञांचे अध्यापन

भाषेच्या पाठात उपमा, यमक, वाक्प्रचार, म्हण अशा संज्ञा वारंवार येतात. शाळाभेटीत पुष्कळदा असे आढळते की, विद्यार्थी व्याख्या बिनचूक म्हणतात. परंतु “तुमच्या बोलण्यातील एक उपमा सांगा” असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. वस्तुतः हीच मुले घरी दिवसभर उपमा ऐकतात व योजतात. उणीव आहे ती बोलणे आणि संज्ञा यांची सांगड घालण्याची. म्हणून आधी उदाहरण, मग तुलना, मग नाव आणि शेवटी व्याख्या, असा क्रम ठेवावा.

वाक्प्रचार व म्हण यांत मुलांचा फार घोटाळा होतो. पुढील दोन उदाहरणे फळ्यावर लिहावीत :

(1) कंबर कसणे.
(2) नाचता येईना अंगण वाकडे.

पहिल्याचे “गावाने बंधाऱ्यासाठी कंबर कसली”, “आम्ही उद्या कंबर कसू” असे कर्त्याप्रमाणे व काळाप्रमाणे रूप बदलते. तो वाक्यात मिसळून जातो; तो वाक्प्रचार. दुसरे उदाहरण स्वतःच पूर्ण विचार सांगते व सहसा आहे तसेच वापरले जाते, ती म्हण. ही कसोटी मुलांनी स्वतः लावून पाहावी.

उपमेसाठी “विहिरीचे पाणी आरशासारखे स्वच्छ आहे” हे वाक्य घ्यावे. पाणी हे उपमेय, आरसा हे उपमान, स्वच्छता हा समान धर्म व ‘सारखे’ हा साम्यदर्शक शब्द. ही चार अंगे प्रश्न विचारून मुलांकडूनच काढून घ्यावीत. वरच्या वर्गात हेच वाक्य पुढे न्यावे. “पाणी जणू आरसाच” म्हटले की उत्प्रेक्षा; “पाणी हा आरसाच” म्हटले की रूपक.

येथे एक सावधगिरी हवी. ‘सारखा’ दिसला की उपमा, असे मुले समजतात. “बाळ सारखा रडतो” यात तुलनाच नाही. “ही पाटी त्या पाटीसारखी आहे” यात तुलना आहे, पण दोन्ही वस्तू एकाच जातीच्या असल्यामुळे उपमा नाही. भिन्न वस्तूंतील साम्य सुंदर रीतीने दाखविले, तरच उपमा.

यमक मात्र डोळ्यांपेक्षा कानाने शिकवावे. ‘पाणी–गाणी’, ‘माळ–गुलाल’ अशा जोड्या मोठ्याने म्हणाव्यात व कोणती जोडी जुळली, कोणती अर्धवट राहिली, ते विचारावे.

मुलाने उदाहरण घरच्या बोलीत दिले, तर ते प्रथम मान्य करून फळ्यावर लिहावे. प्रमाण रूप त्याखाली द्यावे. बोलीची थट्टा झाली की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (1880–1951) निरक्षर होत्या. शेतात व घरात काम करताना त्यांनी बोलीत रचलेल्या कविता इतरांनी उतरून घेतल्या आणि 1952 मध्ये त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. अलंकार हे केवळ पंडितांचे धन नव्हे, हे यावरून विद्यार्थ्यांना पटवून देता येईल.

उपक्रम : प्रत्येक मुलाने घरातील वडीलधाऱ्यांकडून एक म्हण, एक वाक्प्रचार व एक उपमा वहीत उतरून आणावी. शनिवारी त्यांचे वाचन व्हावे आणि कोणती संज्ञा का लागू पडते, ते वर्गाने ठरवावे. व्याख्या पाठ झाली की नाही, हे पाहण्यापूर्वी मूल संज्ञा ओळखते की नाही, हे शिक्षकबंधुभगिनींनी पाहावे, ही विनंती.