वीजबिल फुगलं तर भरण्याआधी काय तपासाल?

महावितरणचं बिल हातात आलं की एकूण रक्कम नंतर बघा. आधी मागील रीडिंग, चालू रीडिंग, मीटरची स्थिती आणि बिल किती दिवसांचं आहे ते पाहा. मग मीटरपाशी जाऊन आकडा वाचा आणि तारखेसह फोटो काढा. मीटरवर आजचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी दिसत असेल, तर बिल चुकलंय आणि पुरावा तुमच्या मोबाइलमध्ये आहे.

सगळ्यात मोठा फटका रीडिंग चुकल्यावर बसतो. घर बंद होतं किंवा रीडिंग घ्यायला कुणी आलंच नाही, की पुढच्या वेळी दोन महिन्यांचे युनिट एकदम पडतात. २०२४-२५च्या दरपत्रकात घरगुती वीज आकार पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये होता, १०१ ते ३००ला १०.२९. दोन महिन्यांत मिळून १८० युनिट वापरलेत, तर महिन्याला ९० धरून ८४८ रुपये होतात. तेच एका महिन्याचे धरले तर १,२९४. फरक ४४६ रुपयांचा, त्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे ५१८च्या घरात. वीज तेवढीच वापरलीत, तरीही! म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: ‘युनिट महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ द्यावा.’ मधल्या काळात सरासरी बिल भरलं असेल तर ती रक्कम वजा झाली का, तेही तपासा. दर बदलत राहतात, मुंबईत अदानी, टाटा आणि बेस्टचे वेगळे आहेत. हिशेब करताना त्या महिन्याचं दरपत्रक घ्या.

मीटरवर संशय असेल तर घरातला मेन स्विच बंद करून मीटरचा दिवा पाहा. तरीही लुकलुकत असेल तर लेखी अर्ज देऊन तपासणी मागा, शुल्काची पावती घ्या आणि तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा. मीटर सदोष निघाला तर बिलाची दुरुस्ती वाद सुरू झाल्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतीच होते. वर्षभराची वसुली मागितली तर हा नियम दाखवा.

सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाहून घाबरू नका. ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते आणि वापर वाढला की वाढते. वाढीव रक्कम सहा मासिक हप्त्यांत भरता येते, पण ते कुणी आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही मागा. ठेवीवर व्याज मिळतं, ते बिलात जमा झालेलं दिसलं पाहिजे. स्थिर आकार वीज न वापरताही लागतो आणि थ्री फेजला बराच जास्त. गरज नसेल तर सिंगल फेजसाठी अर्ज करा. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलंत तर १ टक्का सूट, ऑनलाइन भरल्यास पाव टक्का, छापील बिल सोडून ई-बिल घेतलं तर बिलामागे १० रुपये. मुदत चुकली की सव्वा टक्का विलंब आकार.

घरातच शिवणकाम, शिकवणी, छोटं दुकान चालवता? घराच्या काही भागात व्यवसाय असेल, वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू होतो. ‘दुकान आहे, व्यापारी दर लावू’ असं तोंडी सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आदेश लेखी मागा. पिठाची गिरणी औद्योगिक वर्गात मोडते. तिला व्यापारी दर लागला असेल तर वर्ग बदलून घ्या.

तक्रार आधी उपविभागीय कार्यालयात, लेखी, दोन प्रतींत. सोबत वादातलं बिल, आधीची सहा बिलं, मीटरचा फोटो, भरणा पावत्या. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. १९१२वर केलेल्या फोनचाही तक्रार क्रमांक लिहून ठेवा. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा. वकील लागत नाही, निकालासाठी ६० दिवसांची मुदत आहे. तिथंही नाही पटलं तर पुढच्या ६० दिवसांत मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालाकडे. तिथं रकमेच्या वादात अनामत भरावी लागू शकते, त्याची आधी चौकशी करा. ‘साहेबांशी बोलून कमी करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, त्या पैशाची पावती मिळत नाही.

वाद चालू असताना बिल थकवू नका. वीज कायदा २००३च्या कलम ५६नुसार मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरा. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. थकबाकीसाठी तोडण्याआधीही पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. ‘आज रात्री वीज तोडू, या नंबरवर फोन करा’ हा मेसेज फसवणुकीचा आहे. त्यातल्या लिंकला हात लावू नका.

दरच जास्त वाटत असेल तर मंचाकडे जाऊन उपयोग नाही. दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. प्रस्ताव आला की वर्तमानपत्रांत जाहिरात येते, मुदतीत कुणीही लेखी हरकत देऊ शकतं आणि सुनावणीत बोलू शकतं. त्याला शुल्क नाही. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट आणि मुंबई ग्राहक पंचायत वर्षानुवर्षं अशा सुनावण्यांत ग्राहकांची बाजू मांडत आले आहेत. हरकतीत तुमच्या बिलाची प्रत जोडा आणि मंजूर भार, महिन्याचे युनिट, गेल्या वर्षीची रक्कम, यंदाची रक्कम एवढं लिहा.