सोरायसिस, इसब आणि पार्लरचा खर्च

सोरायसिस किंवा इसब असलेल्या माणसानं पार्लरमध्ये जावं का, हा प्रश्न बहुतेक घरांत सरळ विचारलाच जात नाही. एक तर ‘तुला कशाला हवंय ते नटणं’ असं ऐकवून विषय संपवला जातो, नाहीतर लग्न ठरल्याबरोबर घाईघाईनं दहा-पंधरा हजारांचं प्री-ब्रायडल पॅकेज भरलं जातं. दोन्हींत नुकसान त्या मुलीचं किंवा मुलाचंच. चांगलं दिसावंसं वाटणं हा हट्ट नव्हे. वर्षानुवर्षं पूर्ण बाह्यांचे कपडे घालून चट्टे झाकणाऱ्या माणसाला तर तो हक्क दुपटीनं आहे. फक्त पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत, हे आधी कळलं पाहिजे. इथे दिलेले दर पुणे-मुंबईकडचे, ढोबळ आहेत. लहान शहरांत ते बरेच कमी असतात, तर नावाजलेल्या साखळी क्लिनिकांत याहून जास्तही.

आधी शरीराची बाजू समजून घ्या, कारण खर्चाचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. हाइनरिश कोबनर या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात एक गोष्ट नोंदवली होती. सोरायसिसच्या रुग्णाची चांगली, निरोगी कातडी दुखावली, खरचटली, ओढली गेली, तर त्याच जागी नवा चट्टा उठू शकतो. तो लगेच दिसत नाही, बहुधा दहा ते वीस दिवसांनी दिसतो. म्हणजे लग्नाच्या पंधरा दिवस आधी केलेल्या वॅक्सिंगची किंमत नेमकी हळदीच्या दिवशी मोजावी लागते. सगळ्यांच्याच बाबतीत असं होत नाही, पण आपण त्यातले आहोत की नाही हे मुहूर्ताच्या तोंडावर तपासून पाहू नये. इसबाचं वेगळं आहे. तिथे कातडीचा वरचा थर गळका असतो. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे सुगंध, रंग, रसायनं आत शिरतात. इतरांना सहज मानवणारा फ्रूट फेशियल अशा चेहऱ्यावर आग पेटवतो.

पहिला खर्च डॉक्टरांचा

त्वचारोगतज्ज्ञांची फी मोठ्या शहरांत ५०० ते १५०० रुपये, तालुक्याच्या गावी ३०० ते ६०० रुपये असते. परवडत नसेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल कॉलेज, गोव्यात बांबोळीचं जीएमसी या सगळ्या ठिकाणी त्वचारोग विभाग आहेत आणि केसपेपरचा खर्च नाममात्र आहे. महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य विभागाच्या जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. पाटीवर नुसतं ‘स्किन क्लिनिक’ किंवा ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलेलं असेल, तर पदवी विचारा. त्वचेची एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही यांपैकी काहीतरी हवं, आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. विचारायला लाजू नका. खरा डॉक्टर रागावत नाही.

डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारायच्या. माझा आजार सध्या शांत आहे का? मी घेत असलेल्या औषधांवर काय टाळायचं? आणि पार्लरला दाखवायला दोन ओळींची चिठ्ठी द्याल का? दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. ॲसिट्रेटिनच्या गोळ्या चालू असतील किंवा चेहऱ्यावर रेटिनॉइड मलम लावत असाल, तर कातडी इतकी नाजूक होते की वॅक्सच्या पट्टीबरोबर ती सोलून येते. चिठ्ठीचा उपयोग वेगळा. सोरायसिस आणि इसब स्पर्शानं पसरत नाहीत, हे पार्लरमधल्या मुलींना कुणी सांगितलेलंच नसतं. चट्टे बघून त्या हात मागे घेतात आणि खुर्चीत बसलेलं माणूस मान खाली घालतं. डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी असली, की हा प्रसंग बऱ्याचदा टळतो.

दुसरा खर्च मॉइश्चरायझरचा

हा खर्च सगळ्यात कमी लेखला जातो, आणि कातडीवर खरा फरक इथेच दिसतो. किती लागतं, ते एकदा मोजून बघा. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत मलमाची एक रेघ काढली, की साधारण अर्धा ग्रॅम होतो. तेवढ्यात मोठ्या माणसाचे दोन तळहात बोटांसकट झाकतात. एका हाताला पंजासकट अशा चार रेघा लागतात, एका पायाला पावलासकट आठ. दोन्ही हात, दोन्ही पाय मिळून चोवीस रेघा, म्हणजे बारा ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायचं तर चोवीस ग्रॅम, आणि महिन्याला सातशे ग्रॅमच्या पुढे. शंभर ग्रॅमची साडेतीनशे रुपयांची ट्यूब आणून ती दोन महिने पुरवणारा माणूस मॉइश्चरायझर लावतच नाही, नुसतं बोट फिरवतो.

म्हणून भाव ग्रॅमवर पाहा. बहुतेक पाकिटांवर एमआरपीच्या जवळच प्रतिग्रॅम भाव छापलेला असतो. साधी पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिनचं मलम ग्रॅमला रुपया-दीड रुपयात मिळतं. सेरामाइडवालं परदेशी नावाचं क्रीम ग्रॅमला चार रुपयांपर्यंत जातं. महिन्याचा खर्च पहिल्यात सातशे ते हजार, दुसऱ्यात अठ्ठावीसशेच्या घरात. महाग क्रीम लावायला हलकं असतं, चिकट वाटत नाही, त्यामुळे ऑफिसला जाताना बरं पडतं. रात्री मात्र साधी जेली बेलाशक चालते. माझं मत विचाराल तर दिवसा थोडं महाग, रात्री भरपूर स्वस्त. शुद्ध खोबरेल तेलही कोरड्या कातडीला चांगलं, पण डोक्यात तेलकट, पिवळट कोंडा असेल तर तिथे तेल मुरवून ठेवू नका, त्यानं तो वाढतो. मोहरीचं तेल आणि ऑलिव्ह तेल इसबाच्या कातडीला टाळाच. आंघोळ कोमट पाण्याची, पाच-दहा मिनिटांची. अंग टिपून घेऊन ओलसर असतानाच मलम लावायचं.

घेताना पाकिटावर ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ शोधा. ‘अनसेंटेड’वर विसंबू नका, कारण मूळ वास दडपण्यासाठी त्यात सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. ‘हर्बल’, ‘आयुर्वेदिक’, ‘नॅचरल’ या शब्दांनी नाजूक कातडीला काहीच हमी मिळत नाही. दिवाळीचं उटणंच घ्या. काही उटण्यांत बावची असते आणि बावचीत कातडीला उन्हाबाबत हळवी करणारं द्रव्य असतं. ते चोळून अंगणात उन्हात बसलं तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात. संत्र्याची साल आणि खरखरीत पूड चोळण्याचा त्रास वेगळाच. घरातल्या मोठ्यांचं मन राखायचं तर उटण्याचा टिळा हाताला लावून घ्या आणि आंघोळ आपल्या साबणानं करा.

आता पार्लर

केस काढण्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त बिघाड तिथेच होतो. पूर्ण हातांचं वॅक्सिंग २५० ते ६०० रुपयांना पडतं, आणि सोरायसिस असलेल्यानं ते करू नये असंच मी सांगेन. केस काढायची क्रीमही झोंबतात. त्याऐवजी ५०० ते १५०० रुपयांचा चांगला ट्रिमर एकदाच घ्या. केस मुळापासून निघत नाहीत हे खरं, पण कातडीला धक्का लागत नाही. भुवयांचं थ्रेडिंग पन्नास-शंभर रुपयांचं असतं. भुवयांत किंवा कपाळावर चट्टे नसतील आणि पूर्वी कधी त्रास झाला नसेल तर ते चालू ठेवता येतं. नंतर सुगंधी जेल न लावता साधी जेली लावायला सांगा. लेझरनं केस काढणं महाग आहे. काखेच्या एका सिटिंगचे दीड ते चार हजार, आणि अशा सहा-आठ सिटिंग. आजार शांत असताना, त्वचारोगतज्ज्ञांच्या हाताखाली, आधी एका छोट्या जागेवर करून तीन आठवडे थांबून मग पुढे गेलं, तर वारंवार वॅक्सिंगपेक्षा ते बरं. चट्ट्यावर लेझर नको.

फेशियलमध्ये हातानं हलका मसाज, थंड पट्ट्या, सुगंध नसलेलं क्रीम एवढंच घ्यायचं. वाफ, स्क्रब, ब्लॅकहेड काढणं आणि सोलून काढायचा मास्क नको म्हणून आधीच सांगा. असं साधं क्लीनप ४०० ते ८०० रुपयांत होतं. तुमचं क्रीम तुम्ही घरून नेलं तरी चांगल्या पार्लरची हरकत नसते. ब्लीच साफ नाकारा, त्यातलं पेरॉक्साइड आणि अमोनिया इसबाच्या चेहऱ्याला सोसत नाही. मशिननं पाणी मारून, ओढून करायचे फेशियल तीन ते आठ हजारांना विकले जातात. पण ओढ ती ओढच, शिवाय त्यात आम्लंही असतात. केमिकल पीलचा निर्णय पार्लरनं घ्यायचाच नसतो.

नखांवर सोरायसिस असेल तर मॅनिक्युअरमध्ये क्युटिकल मागे ढकलू देऊ नका आणि नखाखाली टोकदार काडी घालू देऊ नका. त्यानं नख आणखी सुटतं. नखं आखूड कापून, कानशीनं हलकेच घासून साधं नेलपॉलिश लावलं तर बिघडत नाही. केस रंगवायचे असतील तर पीपीडी या रसायनापासून जपा. ते बहुतेक काळ्या डायमध्ये असतं आणि झटपट रंगणाऱ्या ‘काळ्या मेहंदी’तही. डोक्यावर ओरखडे असताना डाय लावूच नये. एरवीही प्रत्येक वेळी कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी.

नवं क्रीम, फाउंडेशन किंवा सनस्क्रीन यांची चाचणी घरीच करता येते. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी रोज दोनदा, सात दिवस तेच लावा. लाली किंवा खाज आली नाही तर चेहऱ्यावर लावायला हरकत नाही. पुन्हा पुन्हा इसब उठतो आणि कशानं ते कळत नाही, अशांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्यावी. पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांच्या छोट्या चकत्या दोन दिवस चिकटवतात, तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, मग काढून पुन्हा एक-दोनदा तपासतात. खर्च दोन ते पाच हजार. महाग वाटेल, पण निकल, सुगंध किंवा डाय यांपैकी नेमकं काय बाधतं हे एकदा कळलं, की पुढची कितीतरी चुकीची खरेदी टळते.

जिथे पैसा आणि कातडी दोन्ही जातात

‘गोरं करणारी’ क्रीम हा सगळ्यात मोठा सापळा आहे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, चट्टेही दबतात, आणि काही महिन्यांत कातडी पातळ, लाल, केसाळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं स्टिरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती काउंटरवर सहज मिळतात. स्टिरॉइड डॉक्टरांनी, ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक दिवसांसाठी दिलं तर चांगलं औषध आहे. मैत्रिणीच्या सांगण्यावरून चेहऱ्यावर लावायचं ते नव्हे. बिननावाच्या पुड्यांतून मिळणाऱ्या ‘मुळापासून बरं करणाऱ्या’ औषधांचं भय याहून मोठं. त्यांत पोटात घ्यायचं स्टिरॉइड मिसळलेलं असलं आणि ते एकदम थांबलं, तर सोरायसिस अंगभर भडकून रुग्णालयात भरती व्हायची वेळ येऊ शकते.

दुसरा सापळा आगाऊ पॅकेजचा. तुमचा आजार कधी उसळेल हे कुणालाच माहीत नसतं, मग दहा सिटिंगचे पैसे आज का भरायचे? एकेका सिटिंगचे द्या. भरलेच असतील तर मधे थांबल्यास किती परत मिळतील हे लेखी घ्या. बिल पक्कं मागा आणि त्यावरचा जीएसटी पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवेवर तो १८ ऐवजी ५ टक्के आहे. डॉक्टरांच्या उपचाराच्या फीवर तो नसतोच. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. आरोग्य विम्यात सौंदर्योपचार बसत नाहीत, त्यामुळे ‘क्लेम करून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

तीन महिन्यांचा हिशेब मांडला तर डॉक्टरांच्या तीन भेटी अडीच हजार, साधं मॉइश्चरायझर तीन हजार, ट्रिमर हजार, सौम्य साबण आणि एखादं क्लीनप हजार. औषधं सोडून साडेसात हजार. चट्टे जास्त असतील आणि डॉक्टरांनी फोटोथेरपी, म्हणजे प्रकाशकिरणांचे उपचार, सुचवली, तर खासगीत एका सिटिंगचे ३०० ते ८०० रुपये, आठवड्याला दोन-तीन अशा वीस-तीस सिटिंग धरा. सरकारी मेडिकल कॉलेजांत हीच सोय असेल तिथे फार कमी पैशांत होते. फोटोथेरपीला किमान दोन-तीन महिने लागतात, म्हणून मुहूर्त ठरला की हॉलच्या आधी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत कातडीवर कुठलाही नवा प्रयोग करू नका.